बागेच्या पट्ट्या आणि तीन आदेश: कागद उघड करण्याच्या वादातली न्यायालयीन तपासणी

देवगड तालुक्यातल्या एका हापूसच्या बागेचा हा वाटपाचा दावा. अंतिम निकाल अजून लांब आहे. पण साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच, कोणी कोणते कागद दाखवायचे एवढ्यावरून हे प्रकरण दोनदा उच्च न्यायालयात आणि एकदा ओरोसला जिल्हा न्यायालयात जाऊन आले. तिन्ही वेळा वरच्या न्यायालयाची नजर वेगळी होती, आणि का वेगळी होती हे समजून घेण्यासाठीच हा अभ्यास आहे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. यातले कुटुंब कोणत्याही एका दाव्यातले नाही, पण उल्लेख केलेले कायदे आणि निकाल खरे आहेत.

तीन भाऊ. वडिलांना सगळे आबा म्हणत. थोरला गावी राहून कलमे बघायचा, मधला मुंबईत गिरणीत, धाकटा पुण्यात. सातबाऱ्यावर आजही तिघांची शाखा सामाईक आहे, पोटहिस्सा पडलेला नाही. मधला २०१२ मध्ये वारला. त्याची पत्नी आणि मुलगी यांनी वाटप आणि हिशोब मागणारा दावा लावला. थोरल्याची कैफियत अशी की १९९४ मध्ये आबांच्या हयातीतच तोंडी वाटप झाले, मधल्याने आपल्या हिश्शाचे पैसे घेतले आणि तेव्हापासून बाग थोरल्याची एकट्याची. वादींचे म्हणणे नेमके उलटे: बाग एकत्रच होती, आणि आंबा संपला की दर वर्षी जूनमध्ये मुंबईला पैसे यायचे. त्यांच्या हातात पुरावा म्हणून मनीऑर्डरची दोन कुपने आहेत. मागच्या बाजूला थोरल्याच्या अक्षरात ‘आंब्याचे’ एवढेच लिहिलेले.

दाव्याआधी मुलगी गावी जाऊन खळ्यात बसून म्हणाली होती, “काका, मला आबांच्या वह्या तेवढ्या दाखवा. दुसरं काही नको.” उत्तर आले, “चेडवा, वह्यो खंयच्यो? आबांनी सगळा तोंडीच वाटून दिल्यानी.”

कोकणात हे उत्तर खोटेच असते असे नाही. इथे जमीन न वाटता कलमे वाटून घेतात, एवढी तुझी, एवढी माझी, आणि तलाठ्याकडे कोणी जात नाही. वहिवाट एक, सातबारा दुसराच. म्हणून अशा दाव्यात सरकारी दप्तरापेक्षा घरातले कागद जास्त बोलतात. त्यात सगळ्यात मोलाची असते ती दलालाकडून आलेली पट्टी: कोणाच्या नावाने किती पेट्या गेल्या, भाव काय लागला, गाडीभाडे, हमाली आणि दलाली वजा होऊन हातात काय आले. १९९४ नंतरच्या पट्ट्या मधल्या भावाच्याही नावाने निघाल्या असतील, किंवा आबांच्या वहीत त्याच्या नावे दर वर्षी रक्कम लिहिली असेल, तर तोंडी वाटपाची गोष्ट उभी राहणे अवघड. उलट १९९४ मध्ये एकरकमी नोंद असून पुढे काहीच नसेल, तर थोरल्याचे म्हणणे खरे ठरू शकते. कागद दोन्ही बाजूंनी बोलू शकतात, आणि ते सगळे एकाच बाजूच्या घरात आहेत.

पहिला आदेश: नकार

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ११ नियम १२ खाली वादींनी अर्ज दिला (संहितेतला क्रमांकाचा ‘आदेश’ म्हणजे नियमांचे एक प्रकरण, न्यायाधीशांचा आदेश नव्हे). हा नियम पक्षकाराला समोरच्याकडून शपथेवर यादी मागण्याची मुभा देतो: वादविषयाशी संबंधित कोणते कागद तुमच्या ताब्यात किंवा अधिकारात आहेत किंवा होते. न्यायालय सरसकट आदेश देऊ शकते, ठरावीक प्रकारच्या कागदांपुरता देऊ शकते, किंवा आत्ता गरज नाही म्हणून पुढे ढकलू शकते. कसोटी नियमातच आहे. दाव्याचा न्याय्य निकाल लागण्यासाठी किंवा खर्च वाचण्यासाठी कागद उघड होणे गरजेचे नसेल, तर आदेश द्यायचा नाही.

वादींच्या वकिलांनी अर्जात ‘१९८५ पासूनचे बागेसंबंधीचे सर्व कागद’ असे मागितले. ही मागणी ढिली होती, आणि एवढ्या कारणावरून न्यायालयाने ती कमी केली असती तर कोणाचीच तक्रार राहिली नसती. पण आदेश वेगळाच झाला. थोडक्यात तो असा: अर्ज वाचला, म्हणणे पाहिले, आपला दावा शाबीत करण्याची जबाबदारी वादीवर आहे, प्रतिवादीकडून पुरावा गोळा करता येणार नाही, अर्ज नामंजूर.

आता जायचे कुठे? अशा आदेशावर अपील नाही. कोणत्या आदेशांवर अपील चालते याची यादी संहितेच्या आदेश ४३ मध्ये आहे, आणि तीत नियम १२ खालचा आदेश येत नाही. संहितेच्या कलम ११५ खालचे पुनरीक्षण, म्हणजे अपील नसलेला आदेश उच्च न्यायालयाने तपासणे, हा पूर्वी वकिलांचा नेहमीचा रस्ता होता, पण १९९९ ची दुरुस्ती १ जुलै २००२ पासून लागू झाली आणि तो अरुंद झाला. ज्या आदेशाचा निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला असता तर दावाच संपला असता, अशाच आदेशात उच्च न्यायालय पुनरीक्षणात हात घालू शकते. कागद दाखवण्याचा आदेश कोणत्याही बाजूने झाला तरी दावा संपत नाही. उरतो तो संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालचा पर्यवेक्षी, म्हणजे खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा, अधिकार. तो या दुरुस्तीने गेला नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या सूर्यदेव राय निकालात सांगितले. दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध अनुच्छेद २२६ ची रिट मात्र चालणार नाही, हे २०१५ च्या राधेश्याम निकालाने स्पष्ट केले.

अनुच्छेद २२७ म्हणजे मागच्या दाराने मिळालेले अपील नव्हे. १९५४ च्या वरयाम सिंग निकालापासून हेच सांगितले जात आहे: कनिष्ठ न्यायालयांना त्यांच्या अधिकाराच्या मर्यादेत ठेवण्यासाठी हा अधिकार आहे, त्यांच्या साध्या चुका दुरुस्त करण्यासाठी नाही. त्यामुळे याचिकेतला प्रश्न ‘हा कागद उपयोगी आहे की नाही’ असा राहत नाही. खालच्या न्यायालयाने कायद्याने विचारायला सांगितलेला प्रश्न विचारला का, एवढेच वर पाहिले जाते.

इथे दोन्ही बाजूंनी एकच निकाल पुढे केला: १९७२ चा एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर. तो सविस्तर पाहण्यासारखा आहे. एका अर्जदाराने निर्धन म्हणून दावा चालवण्याची परवानगी मागितली होती. तो खरेच निर्धन आहे का हे तपासण्यासाठी समोरच्याने त्याचे कागद मागितले आणि कनिष्ठ न्यायालयाने ते मंजूर केले. उच्च न्यायालयाने पुनरीक्षणात तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाला चुकीचे ठरवले, आणि त्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक, उघड करायचा कागद पुराव्यात ग्राह्य असलाच पाहिजे असे नाही. वादविषयावर प्रकाश टाकणारा असला तरी पुरे. दोन, अधिकार असलेले न्यायालय बरोबर निर्णय देऊ शकते तसा चुकीचाही देऊ शकते, आणि केवळ चूक झाली म्हणून पुनरीक्षणाचे दार उघडत नाही. वादींनी पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवले, थोरल्याने दुसऱ्यावर.

उच्च न्यायालयाने वादींची याचिका मंजूर केली, आणि मला ते बरोबर वाटते. सेठी प्रकरणातला संयम हा न्यायालयाने नियमाची कसोटी लावून केलेल्या निवडीसाठी आहे. इथे कसोटीच लावली गेली नव्हती. ‘शाबितीची जबाबदारी वादीवर आहे’ हे विधान खरे आहे, पण नियम १२ ला ते उत्तर नाही. जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यालाच तर समोरच्याच्या घरातल्या कागदांची गरज पडते! हे कारण मान्य केले तर नियम १२ चा उपयोग कोणालाच करता येणार नाही. म्हणून नकार देण्याचा अधिकार न्यायालयाला असला तरी इथे तो वापरलाच गेला नाही, असे म्हणता येते. उच्च न्यायालयाने स्वतः कागदांची यादी ठरवली नाही. अर्ज नव्याने ऐकण्यासाठी परत पाठवला, आणि वादींना मागणी गटवार करायला सांगितली.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. याचिकेत वादींच्या वकिलांनी प्रत्येक कागद का महत्त्वाचा आहे यावर पाने भरली होती. त्यातले काहीच उपयोगी पडले नाही. उपयोगी पडला तो एका परिच्छेदाचा मुद्दा, की आदेशात नियमाची कसोटी दिसतच नाही.

दुसरा आदेश: गटवार

परत आल्यावर अर्ज पाच गटांत मांडला गेला. पहिला, १९९४ ते २०१२ च्या पट्ट्या, आबांच्या वह्या आणि मधल्या भावाला पाठवलेल्या पैशांच्या नोंदी. दुसरा, वाटपाविषयी भावांमध्ये झालेला पत्रव्यवहार किंवा कच्ची यादी. तिसरा, २०१२ नंतरच्या उत्पन्नाचा सगळा हिशोब, कॅनिंगला दिलेल्या मालासकट. चौथा, पीकविम्याची फाइल. पाचवा, थोरल्याने दाव्याआधी वकिलाशी केलेला पत्रव्यवहार. हा पाचवा गट आला कारण कैफियतीतच एक वाक्य होते: वाटप कागदावर आणावे असा वकिलांनी सल्ला दिला होता.

या वेळचा आदेश मला मनापासून आवडला. न्यायाधीशांनी पाच गटांवर पाच वेगळी कारणे लिहिली. पहिले दोन गट १९९४ मध्ये वाटप झाले का या मुद्द्यावर थेट प्रकाश टाकतात, म्हणून मंजूर. तिसरा गट आत्ता नाही, कारण वादींना हिस्सा आहे हे आधी ठरले पाहिजे. आदेश ११ चा नियम २० हेच सांगतो: कागद पाहण्याचा हक्क एखाद्या मुद्द्याच्या निकालावर अवलंबून असेल तर तो मुद्दा आधी सोडवता येतो. वाटपाच्या दाव्यात तर हे फार लागू पडते, कारण हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाल्याशिवाय हिशोबाचा प्रश्नच उठत नाही. चौथा गट नामंजूर, कारण पीकविम्याने वाटपावर प्रकाश पडत नाही. पाचवा मंजूर, कारण कैफियतीत उल्लेख आला की नियम १५ खाली कागद पाहण्याचा हक्क मिळतो.

आता याचिका घेऊन जाण्याची पाळी थोरल्याची होती. मधल्या काळात एक बदल झाला होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे जाऊ लागली. पहिली याचिका मुंबईत चालली होती, दुसरी कोल्हापुरात. फोंडा घाट चढून जाणे हे मुंबईच्या रात्रीच्या गाडीपेक्षा पक्षकाराला कितीतरी परवडते. वर जाणे सोपे झाले की अंतरिम आदेशांवरच्या याचिका वाढतील ही भीतीही खरी आहे, म्हणून अनुच्छेद २२७ ची मर्यादा आता जास्तच जपायला हवी.

पट्ट्यांबद्दल थोरल्याचा मुख्य आक्षेप असा: त्या माझ्याकडे नाहीत, वाशीच्या दलालाकडे आहेत. दुसरा असा, की भाव आणि गिऱ्हाइके हे धंद्याचे गुपित आहे. पहिल्या आक्षेपाला उत्तर नियमातल्या ‘ताब्यात किंवा अधिकारात’ या शब्दांत आहे. स्वतःच्या खात्यावरची पट्टी बागायतदाराने दलालाकडे मागितली तर त्याला प्रत मिळते, म्हणजे ती त्याच्या अधिकारात आहे. दलालाची स्वतःची खातेवही मात्र तशी नाही. ती हवी असेल तर आदेश १६ नियम ६ खाली दलालालाच समन्स काढावे लागेल. खालच्या न्यायालयाने हा फरक केला होता. दुसऱ्या आक्षेपासाठी कायद्यात तसा विशेषाधिकार, म्हणजे कागद न दाखवण्याची सूट, नाही. इतक्या वर्षांपूर्वीच्या भावात आज कसले गुपित? उच्च न्यायालयाने या दोन्ही मुद्द्यांवर ‘खालच्या न्यायालयाने घेतलेली भूमिका घेण्याजोगी आहे’ एवढेच म्हटले आणि हात घातला नाही. इतर न्यायाधीशांनी कदाचित १९९४ ऐवजी २००० पासूनच्या पट्ट्या मागवल्या असत्या. पण तो पर्यायातला फरक झाला, अधिकारातला नाही.

वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहारावर मात्र याचिका मंजूर झाली. वकील आणि अशील यांच्यातला सल्ला गोपनीय राहण्याचे संरक्षण १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही आहे. सल्ला मिळाला एवढे कैफियतीत लिहिल्याने सगळे संरक्षण सोडून दिले असे होत नाही. आणि विशेषाधिकाराचा दावा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी आदेश ११ नियम १९ न्यायालयाला तो कागद स्वतः पाहण्याची मुभा देतो. खालच्या न्यायालयाने पत्रे पाहिलीच नव्हती. म्हणून तेवढाच भाग परत गेला: आधी बंद पाकिटातून पाहा, मग ठरवा.

एकाच आदेशाच्या एका भागात हस्तक्षेप आणि दुसऱ्यात नाही, हे विसंगत वाटू शकते. पण नुकसान कुठे भरून येते आणि कुठे नाही, याचा विचार केला की ते जुळते. पट्ट्या दाखवाव्या लागल्या म्हणून थोरल्याचे काही कायमचे जात नाही. पीकविम्याची फाइल मिळाली नाही म्हणून वादींचेही नाही. हुकूमनाम्याविरुद्ध अपील झाले तर संहितेच्या कलम १०५ खाली तो नकार चुकीचा होता असे तेव्हा म्हणता येते. वकिलाला लिहिलेले पत्र मात्र एकदा समोरच्याने वाचले की शेवटच्या अपिलात जिंकूनही ते न वाचलेले होत नाही. अनुच्छेद २२७ चा वापर मुद्दाम राखून ठेवायचा तर तो अशाच जागेसाठी.

तिसरा आदेश: बचाव खोडला

मंजूर झालेल्या दोन गटांसाठी थोरल्याला शपथपत्र द्यायचे होते. संहितेच्या परिशिष्ट ‘सी’ मधला नमुना ५ ते कसे असावे हे सांगतो. पहिल्या अनुसूचीचे दोन भाग: जे कागद आहेत आणि दाखवायला हरकत नाही ते, आणि जे आहेत पण हरकत आहे ते. दुसऱ्या अनुसूचीत पूर्वी होते पण आता नाहीत असे कागद, शेवटचे केव्हा हातात होते आणि त्यांचे काय झाले यासह. थोरल्याने दोन तारखा काहीच दिले नाही, आणि मग एका पानाचे शपथपत्र दिले: माझ्याकडे कोणताही कागद नाही. अनुसूची नाही, आबांच्या वह्या कधी होत्या का याचा खुलासा नाही.

वादींनी नियम २१ खाली अर्ज केला. हा नियम कडक आहे: आदेश न पाळणाऱ्या वादीचा दावा फेटाळता येतो, प्रतिवादीचा बचाव खोडता येतो, म्हणजे त्याने बचावच केला नाही असे धरता येते. न्यायालयाने त्याच दिवशी बचाव खोडला. इतका वेळ संयमाने चाललेल्या न्यायालयाचा धीर सुटला हे समजण्यासारखे आहे, पण आदेश टिकण्यासारखा नव्हता.

या आदेशावर मात्र अपील आहे. आदेश ४३ नियम १ च्या खंड च मध्ये नियम २१ खालच्या आदेशाचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून प्रकरण कोल्हापूरला न जाता ओरोसला गेले. इथली तपासणी वेगळी असते. अपील न्यायालय वस्तुस्थितीही पाहते आणि स्वतःचे मतही देऊ शकते. नियम २१ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने नोटीस आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी सक्तीची झाली आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या बब्बर सोइंग मशीन निकालात सांगितले आहे की बचाव खोडणे हे टोकाचे पाऊल आहे, जाणूनबुजून हट्टाने आदेश मोडला असेल तरच उचलायचे. इथे नोटीसच नव्हती. जिल्हा न्यायालयाने खर्चाची रक्कम बसवून आदेश रद्द केला, आणि नमुना ५ प्रमाणे शपथपत्र देण्यासाठी तीन आठवड्यांची शेवटची मुदत दिली.

वादींच्या बाजूने विचार केला तरी बचाव खोडण्याचा आग्रह शहाणपणाचा नव्हता. त्यांच्या हातात याहून टिकाऊ साधन होते. कल्याणजवळच्या एका दर्ग्याच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये, गोपाळ कृष्णाजी केतकर निकालात, सांगितले की शाबितीची जबाबदारी आपल्यावर नाही म्हणून कोणी महत्त्वाचे हिशोब दाबून ठेवले, तरी न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. थोरल्याने शपथेवर ‘वह्या नाहीत’ म्हटले आणि उलटतपासणीत त्या होत्या असे निघाले, तर ते अनुमान हुकूमनाम्यात येईल आणि अपिलातही टिकेल. बचाव खोडून मिळवलेला हुकूमनामा पहिल्याच अपिलात डळमळला असता.

मुदतीच्या आत नवे शपथपत्र आले. पहिल्या अनुसूचीत २००१ पासूनच्या काही पट्ट्यांच्या दलालाकडून आणलेल्या प्रती आहेत, त्यातल्या काहींवर आबांचे नाव आणि खाली दोन भावांची नावे. दुसऱ्या अनुसूचीत आबांच्या वह्या आहेत, आबा वारले तेव्हा त्या माजघरातल्या पेटीत होत्या आणि पुढे वाळवीने गेल्या असे कारण दिलेले. वादींच्या वकिलांनी प्रतिवादींच्या वकिलांच्या ऑफिसात पट्ट्यांची पाहणी करून घेतली. वकिलाच्या पत्रांचे पाकीट न्यायालयाने उघडून पाहिले. त्यातली दोन पत्रे विशेषाधिकाराखाली बंदच राहिली. तिसरे पत्र थोरल्याने भावाला लिहून फक्त माहितीसाठी वकिलाकडे पाठवले होते, ते सल्ला मागणारे नसल्याने उघड झाले. १९९४ मध्ये वाटप झाले का, या मुद्द्यावर मुलीची सरतपासणी सुरू झाली आहे. तिसऱ्या गटाचा अर्ज प्राथमिक हुकूमनाम्यापर्यंत प्रलंबित आहे.